बाबांचं बासष्ट किलो

मधली_सुट्टी
गेल्या मंगळवारी बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. वय ७६. त्यांच्या मते त्यांना काहीच झालेलं नाही. तक्रार आईची, आणि ती एकच: पँट कमरेवर राहत नाही, पट्ट्याला घरी खिळ्याने दोन भोकं पाडून झाली.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, वर्षभरात वजन किती कमी झालं?"
बाबा म्हणाले, "काही नाही. माझं वजन कायम बासष्ट. लग्नाच्या आधीपासून."
काट्यावर उभं केलं तर ५३.५. बाबांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा डॉक्टरांकडे. "तुमचा काटा तपासून घ्या."
आई मागच्या खुर्चीतून म्हणाली, "अहो, लग्नात पासष्ट होतात. बासष्ट कधी होतात?"
मला विचारलं असतं तर मी सत्तर सांगितलं असतं. माझ्या डोळ्यासमोरचे बाबा म्हणजे मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरणारे. डॉक्टरांनी केसपेपरवर वजनापुढे ५३.५ लिहिलं आणि 'आधीचं' या शब्दापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

घरी येऊन कागदांची पिशवी उपसली. विम्याच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, १९९४: वजन ६८. हर्नियाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, २०१६: ६४.५. बासष्ट कुठेच नाही! मग हा आकडा आला कुठून? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची जुनी वजनं बरोबर आठवतात का? आणि माझा खरा प्रश्न: बाबांचं नक्की किती कमी झालंय हे आता कसं ठरवायचं?

ताकभात
माझं वजन कॉलेजात ५५ होतं. पुरावा नाही. फोटो आहेत, पण ते माझ्या बाजूने साक्ष देत नाहीत.

जाईचा_वेल
मसु, मी तुझ्या बाबांपेक्षाही मोठी, ७९ ची. माझं लग्नातलं वजन मला पक्कं ठाऊक आहे, ९६ पौंड. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे पौंडांचाच काटा होता. बाजारात दशमान वजनं १९५८ पासून यायला लागली, १९६२ मध्ये सक्तीची झाली, पण डॉक्टरांचा काटा कोण बदलतो? माझी आई तर रत्तल म्हणायची. "पोरीचं शंभर रत्तल तरी भरू दे, मग स्थळं बघा." नातीला मी नेहमी सांगते, तुझ्या वयात मी ४८ किलो होते.

दीडदमडी
काकू, ९६ पौंड म्हणजे साडेत्रेचाळीस किलो. ४८ कसे?

जाईचा_वेल
पौंडाचे किलो करताना दोनाने भागायचं असं यांनीच शिकवलं होतं. म्हणजे पन्नास वर्षं मी स्वतःला साडेचार किलो फुकट देत आले की काय? हे आता नाहीत, नाहीतर आज भांडण होतं.

आउटर_सिग्नल
रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे फलाटावरच्या वजनाच्या यंत्राबद्दल बोलायचा मला हक्क आहे. रंगीत दिवे, आत गरागरा फिरणारी चकती, नाणं टाकलं की खट्‌कन पडणारं पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला नटनटीचं चित्र, दुसरीकडे वजन आणि भविष्य. लोक वजनासाठी कमी आणि भविष्यासाठी जास्त चढायचे. खांद्याला शबनम, पायात बूट, हातात डबा आणि कडेवर पोरगं. एका गृहस्थांना मी म्हटलं, अहो पिशवी खाली ठेवा. ते म्हणाले, गाडी आलीय, चोरीला जाईल.

ते तिकीट मग पाकिटात वर्षानुवर्षं. माझ्या पाकिटातलं मी रिटायर होईपर्यंत होतं. कुणी वजन विचारलं की मी तोच आकडा सांगायचो. त्यात डबा धरलाय हे विसरून.

कोयनाकाठ
एवढा कीस कशाला पाडायचा? वय झालं की अंग झिजतंच. आमचे आजोबा शेवटी काडीसारखे झाले होते, ८८ पर्यंत जगले. बाबांना चांगलंचुंगलं खाऊ घाला.

काढा_किराईत
कोयनाकाठ, रागावू नका, पण या एका वाक्यामुळे पेशंट सहा-सहा महिने उशिरा येतात. मी वृद्धांचीच ओपीडी करते, म्हणून जरा लांबण लावते.

म्हातारपणी वजन थोडंथोडं उतरतं हे खरं. पण सहा महिने ते वर्षभरात, मुद्दाम काही न करता, मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त गेलं तर ते 'वय' नव्हे. त्यामागे थायरॉइड असेल, मधुमेह बिघडला असेल, क्षय, कर्करोग, नैराश्य असेल, नाहीतर फक्त सैल झालेली कवळी असेल. एखादं नवं औषध भूक मारत असतं. सगळं शोधावं लागतं. पण ५ टक्के काढायचे तर आधीचा आकडा हवा, आणि तिथेच गाडी अडते.

गंमत बघा. वृद्धांच्या पोषणाची चाचणी म्हणून 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. त्यात विचारतात, ३ महिन्यांत वजन घटलं का? ३ किलोपेक्षा जास्त घटलं तर ० गुण, १ ते ३ किलो घटलं तर २, अजिबात नाही तर ३. आणि 'माहीत नाही' या उत्तराला १ गुण. म्हणजे ज्याला माहीत नाही त्याला ती प्रश्नावली जवळजवळ धोक्यातच धरते. मसुच्या बाबांनी मात्र छातीठोकपणे 'काही नाही' म्हणून ३ पैकी ३ खिशात घातले असते. न आठवणाऱ्यापेक्षा चुकीचं ठाम आठवणारा पेशंट मला जास्त अवघड जातो.

तसंच फ्रेल्टीचं, म्हणजे म्हातारपणच्या अशक्तपणाचं. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचे पाच निकष मांडले, त्यातला एक म्हणजे वर्षभरात आपोआप १० पौंड, साधारण साडेचार किलो घट. पाचपैकी तीन निकष जुळले तर माणूस फ्रेल. तिथेही बरेचदा पेशंटच्या तोंडच्या आकड्यावरच भागवावं लागतं.

म्हणून मी आकडा विचारतच नाही. पट्टा बघते, कुठलं भोक झिजलंय आणि आता कुठलं वापरात आहे. घड्याळ मनगटावर फिरतं का. आज्यांच्या पाटल्या हात वर केल्यावर कुठपर्यंत घसरतात. एका आजींच्या थेट कोपराशी गेल्या. त्या म्हणत होत्या, माझं वजन आहे तेवढंच आहे. ब्लाउज दाखवायला सांगितला तर दोन्ही बाजूंनी आत घेऊन टीप मारलेली, नव्या दोऱ्याची.

एक उलटा धोकाही लिहून ठेवते. पायावर किंवा पोटात पाणी धरलं असेल तर काट्यावर वजन तेवढंच दिसतं, आणि आतला माणूस मात्र झिजत असतो. मसु, बाबांच्या पायांना सूज आहे का? आणि घरात अजून कागद शोध. दाताचे, डोळ्याचे, कुठलेही.

तोलाराचा_नातू
आमचं उदाहरण उलटं आहे. आजोबा लातूरच्या मोंढ्यात तोलार होते. दिवसभर काट्यावर पोती. सकाळी काटा बरोबर आहे का बघायला पहिल्यांदा स्वतः चढायचे, कारण स्वतःचं वजन त्यांना पाव किलोपर्यंत माहीत. "काटा चुकंल, मी चुकायचा नाही." उन्हाळ्यात दीड किलो उतरायचे, दिवाळीनंतर भरून यायचे, हेही ठाऊक. पुढे विसरभोळे झाले, नातवंडांची नावं चुकायचे, पण बहात्तर सालच्या दुष्काळात किती उतरलो होतो ते विचारलं की लगेच, "नऊ किलो." खरं-खोटं देव जाणे, पण उत्तर दर वेळी तेच.

दीडदमडी
>> उत्तर दर वेळी तेच.

तोनाचे आजोबा बरोबर असतीलच, पण दर वेळी तेच उत्तर येणं आणि उत्तर बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. मसुचे बाबाही दर वेळी बासष्टच सांगतात.

या विषयावर स्वीडनमध्ये फार छान काम झालंय. तिथे जुळ्या भावंडांचा वर्षानुवर्षं चाललेला एक अभ्यास आहे. त्यातल्या लोकांना २००७ मध्ये विचारलं, वीस वर्षांपूर्वी तुमचं वजन किती होतं? तेव्हा त्यांचं सरासरी वय सत्तरीच्या थोडं पुढे. त्यातल्या ४३६ जणांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःचं वजन लिहून दिलं होतं, आणि १३४ जणांचं तर तेव्हा प्रत्यक्ष काट्यावर मोजलेलंही होतं. म्हणजे ताडून बघायला दोन आकडे.

काट्याशी ताडलं तर आठवलेलं वजन सरासरी १.९ किलोने कमी निघालं. वीस वर्षांनी दोन किलोची चूक! मला तर हे कौतुकाचंच वाटलं. पण सरासरीवर जाऊ नका. माणसामाणसातला फरक मोठा होता, प्रमाणित विचलन ५.९ किलो. म्हणजे ढोबळमानाने तीनातल्या दोघांची चूक आठ किलो कमी ते चार किलो जास्त या पट्ट्यात, आणि तिसरा त्याच्याही बाहेर. हजारो लोकांच्या आरोग्याचा अभ्यास करायला अशी आठवण चालते. एका माणसाला काय झालंय ते शोधायला नाही चालत. काढा यांच्या ओपीडीत सरासरी माणूस येत नाही, कुणाचे तरी बाबा येतात.

आता मला सर्वात आवडलेला भाग. लोकांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच सांगितलेल्या वजनाशी ताडलं, तर चूक सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे आठवलेला आकडा काट्यापेक्षा तेव्हा सांगितलेल्या आकड्याच्या जवळ जातो. यावरून मी काढलेला अर्थ असा (अर्थ माझा, त्यांच्या माथी मारू नका): आपल्याला वजन आठवत नाही, आपण लोकांना काय सांगत आलो ते आठवतं. काकूंचे ४८ बघा. ९६ पौंड हे मोजमाप आणि ४८ किलो ही गोष्ट. नातीला गोष्टच सांगितली जाते.

जाईचा_वेल
माझ्यावर संशोधन झालेलं मला आवडलं.

धुकं_आणि_चहा
इकडे लेस्टरमध्ये आमच्या मावशी 'नऊ स्टोन' म्हणतात. १९७० च्या सुमारास आल्या, तेव्हापासून नऊ स्टोन. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, ६.३५ किलो. वरचे पौंड त्या सांगतच नाहीत. म्हणजे ५७ पासून ६३ पर्यंत कुठेही असल्या तरी नऊच. फार सोयीचं माप आहे, भारताने घेतलं नाही ही चूक झाली.

आउटर_सिग्नल
उंचीबद्दल कुणी बोललं नाही. मी नोकरीला लागताना पाच फूट सहा इंच होतो. परवा मोजली तर पाच-साडेचार. मी मात्र फॉर्मवर सहाच लिहितो.

काढा_किराईत
मणके दबतात, पाठीला बाक येतो, त्यामुळे उंची घटते. दोन्ही आकडे तरुणपणचे लिहिणारे पेशंट माझ्याकडे भरपूर आहेत. त्यांचा बीएमआय कागदावर कायम पंचविशीतल्या माणसाचा.

मधली_सुट्टी
काढा, पायांना सूज नाही. कागद मिळाला! गेल्या ऑक्टोबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याआधीच्या तपासणीत वजन ६०.२. मी स्वतः तिथे हजर होते आणि मला शून्य आठवतंय. म्हणजे आठ महिन्यांत ६.७ किलो. टक्केवारी काढली, ११. फोनमध्ये आकडा बघून पोटात गोळा आला. उद्या परत जातो आहोत.

जाता जाता आईची परीक्षा घेतली. स्वतःचं आत्ताचं वजन? "असेल पंचावन्न-साठ." माझं जन्माचं? "दोन किलो आठशे. दादाचं तीन किलो शंभर. नर्सने आधी तीन सांगितलं होतं, मी परत करायला लावलं." माझं बाळंतपणाचं कार्ड तिच्याच कपाटात, फाइल लावलेलं. दोन किलो आठशे. अचूक.

काढा_किराईत
आयांचं तसंच असतं. मुलांची जन्माची वजनं त्यांना दशकांनंतरही चांगली आठवतात, हे अभ्यासांतही दिसलंय. ते वजन एकदाच होतं, समोर होतं, आणि नंतर सगळा गाव विचारतो. स्वतःचं कोण विचारतंय?

११ टक्के म्हणजे उद्या जाताना तो मोतीबिंदूचा कागद न विसरता घेऊन जा. तुझ्या फाइलमधला सर्वात मोलाचा कागद तोच.

लाल_माती
उशिरा वाचला धागा. मसु, एक विचारू? बाबा कुस्ती खेळायचे का?

मधली_सुट्टी
लहानपणी तालमीत जायचे असं ऐकलंय. सांगलीकडचे सगळेच जातात. तुम्हाला कसं कळलं??

लाल_माती
बासष्टवरून. १९६९ पासून १९९६ पर्यंत फ्रीस्टाइलमध्ये ४८, ५२, ५७, ६२, ६८, ७४ असे वजनगट होते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक आणलं ते ५७ च्या गटात. आमच्याकडे म्हातारे पैलवान एकमेकांची ओळख अजून अशीच करून देतात, "हा सत्तावन्नचा, तो अडुसष्टचा." ओळख झाली की मग नाव. बाबा ७६ चे, म्हणजे १९७० च्या पुढेमागे विशी-बाविशीत. मॅटवर, म्हणजे गादीवर खेळले असतील तर बासष्टचे असणार. विचारून बघा, पण एक सांगतो. गटाचं वजन ते त्यांचं नेहमीचं वजन नसणार. पैलवान कायम दोन-चार किलो वर असतो आणि स्पर्धेआधी उतरवतो.

ताकभात
शेरलॉक होम्स, मुक्काम पोस्ट तालीम.

मधली_सुट्टी
लाल_माती, तुम्हाला साष्टांग.

आधी तब्येतीचं. सोनोग्राफी, छातीचा फोटो ठीक. थायरॉइड वाढलेलं निघालं, औषध सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, तरुणांमध्ये धडधड, घाम, हात कापणं अशी उघड लक्षणं दिसतात, या वयात कधीकधी नुसतं वजन उतरतं आणि माणूस गप्प गप्प होतो. बाबा गप्प झाले होते खरे. आम्हाला वाटलं, डोळ्याच्या ऑपरेशनने कंटाळलेत.

आता बासष्ट. काल जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही कुठल्या गटात खेळायचे?" घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं?" मग पाऊण तास बोलत होते. १९७१ ला जिल्ह्याच्या निवडीला गेले होते. वस्तादांनी सांगितलं, अडुसष्टमध्ये गेलास तर चेपून टाकतील, बासष्टला उतर. नेहमीचं वजन पासष्ट-सहासष्ट. आठवडाभर खुराक बंद, शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा मोजून. पहाटे अंगावर घोंगडी घेऊन पळायचं, घाम गाळायचा. आदल्या रात्री अर्धा किलो राहिला होता. केस कापले, नखं कापली, वाटीभर थुंकले. सकाळी वजन द्यायला उभे राहिले, आणि काटा बासष्टवर थांबला. "थांबला म्हणजे कसा थांबला! हलला नाही बघ."

ती निवड झाली नाही. दुसऱ्या फेरीत पडले. वजन उतरवून अंगात ताकदच राहिली नव्हती, हे त्यांनी काल पहिल्यांदा सांगितलं. त्या दिवशी रात्री पोटभर जेवले आणि पुन्हा कधी बासष्टला आले नाहीत.

आई पानावरून उठता उठता म्हणाली, "म्हणजे लग्नात पासष्टच होतात."

दीडदमडी
म्हणजे आयुष्यात फक्त एका सकाळी बासष्ट होते! आणि ते वजन तर काट्यावर अगदी नीट मोजलेलं होतं. माझी वरची सगळी थिअरी यात बसते की मोडते, ते आज रात्री ठरवतो.

कोयनाकाठ
आधी लिहिलेलं मागे घेतो. आमच्या आजोबांचं वजनही कुणी कधी केलं नव्हतं, त्यामुळे ते कशाने काडीसारखे झाले हे आम्हाला काहीच माहीत नाही.

काढा_किराईत
मसु, औषध लागू पडलं की वजन हळूहळू भरेल. घरी एक साधा डिजिटल काटा घे. फरशीवर ठेव, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नको, आकडा चुकतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, न खाता. कॅलेंडरवर लिहायचं. रोज नको, रोज केलं की लोक पाव किलोवरून भांडतात.

मधली_सुट्टी
काटा आणला. रविवार ठरला. पहिल्या रविवारी सकाळी मी काटा फरशीवर ठेवला आणि बाबांना हाक मारली. आले. बनियन काढला. घड्याळ काढलं. जानवं काढू का नको असा क्षणभर विचार केला आणि ठेवलं. मग तोंडातली कवळी काढून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "अहो, हे कशाला?" बोळक्या तोंडाने म्हणाले, "वजन देताना अंगावर काही ठेवायचं नसतं." आणि श्वास रोखून, हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले.

५४.१. कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

ताकभात
कवळी धरून की सोडून?